उशाशी बंदूक: स्वसंरक्षणाच्या परवान्याचा आढावा

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेचे पावणेपाच. जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा कोलकात्याचे विमान गाठण्याच्या तयारीत होते. निघण्याआधी ते आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. घरात चोर शिरलेला नव्हता, कोणाशी झटापट झालेली नव्हती. रिव्हॉल्व्हर कायदेशीर होते, ते बाळगणारा माणूस प्रौढ आणि जाणता होता. तरीही जीवावर बेतलेच होते, थोडक्यात निभावले.

या घटनेनंतर काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या घरांतून मला एकच प्रश्न आला. तालुक्याच्या गावी सराफी दुकान असलेले एक स्नेही रोज रात्री ऐवज घेऊन घरी जातात. त्यांना रिव्हॉल्व्हर घ्यायचे होते. निवृत्तीनंतर गावाबाहेर मळ्यात घर बांधून राहिलेल्या एका जोडप्याला बारा बोअरची बंदूक बरी की पिस्तूल, हे जाणून घ्यायचे होते. आणि अमेरिकेत टेक्ससमध्ये नोकरी करणारा माझा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथे शेजारीपाजारी सगळ्यांकडे आहे. मीपण घेऊन ठेवू का?"

तिघांनीही विचारले ते हत्याराबद्दल. पण हत्याराची निवड हा या विषयातला सगळ्यात शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. त्याआधी कायदा, घर, प्रवास, सराव आणि आपला स्वभाव, एवढ्या पायऱ्या आहेत. हत्याराच्या निवडीसह हे सगळे एकेक पाहू.

परवाना कशाच्या बळावर

भारतात सर्वसामान्य माणसाला शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रबंदीचा कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला होता. शस्त्रे काढून घेण्याचा अपमान तेव्हाच्या राष्ट्रीय चळवळीला फार झोंबला आणि काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वारंवार मागण्या केल्या. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला आणि तो १९६२ पासून अमलात आला. त्याने जुन्या कायद्याचा जाच कमी केला, पण गाभा तोच ठेवला: बंदूक हवी तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी कारण हवे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या, जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे. ती ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. असा अपवाद महाराष्ट्रात नाही.

आजचा व्यवहार चालतो तो २०१६ च्या शस्त्र नियमांवर आणि २०१९ च्या दुरुस्तीवर. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात. प्रत्येक परवानाधारकाची राष्ट्रीय नोंद होऊन त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला लागतो. व्यसनाधीनता नाही, हेही त्यात यावे लागते. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लेखी द्यावी लागते. मग पोलीस चौकशी: गुन्हे दाखल आहेत का, शेजारी काय सांगतात, धोका खरा आहे का. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला.

धोका असलेल्या भागात राहणारा, किंवा ज्याच्या धंद्याचे स्वरूपच जोखमीचे आहे असा माणूस, यांच्या अर्जाचा विचार करावा असे नियम सांगतात. सराफ, रोकड नेणारे व्यापारी या वर्गात येतात. आणखी एक तरतूद फारशी कोणाच्या लक्षात नसते. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, तसेच पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली आणि कारण खरे असले, तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. म्हणजे लपवून नेता येणाऱ्या हत्यारापेक्षा उघड दिसणारे लांब हत्यार कायद्याला कमी धोक्याचे वाटते. यात मोठे शहाणपण आहे आणि निवड करताना ते उपयोगी पडते.

परवान्याचा एक कटू अनुभवही याच आढाव्यात यायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर तिथे किती जणांच्या कमरेला परवान्याची पिस्तुले आहेत, हे राज्याने पाहिले आणि प्रशासनाला परवान्यांची छाननी करून अनेक रद्द करावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात एका आमदाराने गोळीबार केला आणि आठवडाभरातच उत्तर मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात झाली. उल्हासनगरच्या प्रकरणात शस्त्र परवान्याचे होते. घोसाळकर प्रकरणात मारेकऱ्याने अंगरक्षकाचे परवान्याचे पिस्तूल वापरल्याचे तपासात पुढे आले. परवाना शस्त्राला मिळतो, रागाला नाही. हे अधिकाऱ्यांनी जसे तपासायचे तसे अर्जदारानेही स्वतःशी तपासायचे असते.

कोणते हत्यार

सिनेमात आणि अमेरिकी चर्चेत नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घरोघरी असते. आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही. लष्कर आणि पोलीस वापरतात ती काडतुसे ज्यात चालतात अशी शस्त्रे 'प्रतिबंधित बोअर' मानली जातात; नऊ मिलिमीटर, .३०३ आणि ७.६२ ही त्यातली ठळक नावे. सामान्य अर्जदारासमोर उरतात ती बारा बोअरची बंदूक, .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२ आणि .३१५ ची रायफल. परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाल्याने जुन्या वेब्ली किंवा वॉल्थरला दुकानात आजही हौसेची किंमत मोजावी लागते. त्या हत्याराचे वय मात्र कोणी विचारत नाही. पन्नास-साठ वर्षे जुन्या स्प्रिंगवर आणि झिजलेल्या खटक्यावर जीव सोपवायचा का, हा विचार किमतीआधी करायला हवा.

बारा बोअरची डबल बार मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती कोकणात आजोळी. मामा ती भिंतीवरून काढायचे आणि हातात घेतल्या घेतल्या, कोणाशी एक शब्दही न बोलता, वरचा खटका अंगठ्याने बाजूला सारून बंदूक मधोमध मोडायचे. दोन्ही नळ्या खाली झुकायच्या. मग मामा त्या उजेडाकडे धरायचे आणि दोन गोल, चकचकीत, रिकामी भोके आम्हा पोरांना दाखवायचे. "आधी पोट बघायचं, मग बोलायचं," असे ते म्हणत. काल रात्री स्वतःच रिकामी केलेली बंदूकही सकाळी तशीच मोडून बघायचे. पुढे रायफल क्लबात प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी जे शिकवले ते मामांच्या या एका वाक्यापेक्षा वेगळे नव्हते.

या बंदुकीचे गुण तिच्या साधेपणात आहेत. दोन नळ्या, दोन बार, अडकायला फारसे काही नाही आणि भरलेली आहे की रिकामी हे एका नजरेत कळते. तीन किलोच्या आसपास वजन आणि खांद्याचा आधार असल्याने नवख्याचाही नेम हातातल्या छोट्या हत्यारापेक्षा कमी चुकतो. जवळच्या अंतरावर तिचा मार जबर असतो. एलजी, एसजी ही मोठ्या छऱ्यांची काडतुसे आणि चार-सहा नंबरची पाखरांसाठीची बारीक छऱ्यांची काडतुसे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो विकत घेताना समजून घ्यावा लागतो. दोष असा की तिची लांबी फ्लॅटच्या बोळात अडचणीची ठरते, धक्का जोराचा बसतो आणि मोठे छरे पातळ भिंत सहज भेदून पलीकडच्या खोलीत जातात.

.३२ चे रिव्हॉल्व्हर हे आपल्याकडचे सर्वांत परिचित छोटे हत्यार. कानपूरच्या आयुध कारखान्यात बनणारे हे रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या धाटणीचे, मधोमध मोडून सहा गोळ्या भरायचे. २०१४ मध्ये याच वंशातले 'निर्भीक' बाजारात आले. सुमारे अर्धा किलो वजन, सव्वा लाखाच्या आसपास किंमत आणि स्त्रियांसाठी खास अशी जाहिरात. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर मनात दाटलेल्या भीतीला दिलेले ते उत्तर होते, पण दुबळे उत्तर होते. एवढी किंमत कोणत्या कामकरी बाईला परवडणार, आणि बसच्या गर्दीत, ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या हल्ल्यात ते पर्समधून निघणार कधी? २०२३ मध्ये 'प्रबल' नावाचे, चक्री बाजूला उघडणारे रिव्हॉल्व्हर आले. त्यात गोळ्या भरणे-काढणे सोपे झाले. पण .३२ ची गोळी मुळात बेताच्या ताकदीची आहे, नळी आखूड आहे आणि चाप जड आहे. घाबरलेल्या हाताने तो चाप ओढताना नळी खाली किंवा बाजूला जाते आणि चार-पाच पावलांवरूनही नेम चुकतो. सराव नसेल तर रिव्हॉल्व्हर हे फक्त आवाज करणारे यंत्र ठरते.

.३२ चे पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा चपटे असते, त्यात गोळ्या थोड्या जास्त मावतात. पण त्याचा एक घातक सापळा आहे. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, आणि नळीच्या मागच्या टोकाशी चढलेली एक गोळी तशीच राहते. जगभर होणाऱ्या अपघातांचे हे नेहमीचे कारण आहे. .३१५ ची रायफल घरगुती संरक्षणासाठी साफ अयोग्य. तिची गोळी घरातून निघून शेजाऱ्याच्या अंगणापलीकडे जाऊ शकते. ठासणीची बंदूक रानडुकरापासून भात राखायला आहे. माणसापासून घर राखायला नाही.

म्हणून हत्याराचा निवाडा असा: उघड्यावरच्या, एकट्या घरासाठी बारा बोअर; ज्याला धंद्यामुळे वाटेत धोका आहे आणि जो नियमित सराव करणार आहे, त्याच्यासाठी .३२ चे नवे रिव्हॉल्व्हर. बाकी कशाची गरज सामान्य माणसाला पडत नाही. आणि गावठी कट्ट्याचे नावही काढू नये. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या उमर्टीचे नाव महाराष्ट्र पोलिसांच्या कारवायांत वारंवार येते. तिथून आलेला कट्टा हातातच फुटू शकतो. आणि नाही फुटला तरी बिनपरवाना शस्त्र म्हणून कैद नक्की आहे.

घरात ठेवल्यावर

रात्रीचे दोन वाजलेत. पडवीत काहीतरी पडल्याचा आवाज येतो. तुम्ही झोपेतून उठता, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. कपाटाची किल्ली, मग बंदूक, मग दुसऱ्या कप्प्यातली काडतुसे. दिवा लावावा की लावू नये? अंधारात कोणीतरी हलते. तो चोर आहे, पाणी प्यायला उठलेले वडील आहेत, की न सांगता रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा आहे? ही तीन सेकंदे म्हणजे घरगुती संरक्षणाचा सगळा प्रश्न. १९९२ मध्ये अमेरिकेत लुईझियाना राज्यातल्या बॅटन रूज इथे योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीला जाताना चुकून दुसऱ्याच घराच्या दारात गेला. घरमालकाने त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला, मुलगा परत आला नाही.

म्हणून हत्याराइतकाच खर्च बॅटरीवर करावा. दिसल्याशिवाय, ओळखल्याशिवाय आणि मागे काय आहे हे कळल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. एरवी बोट चापाच्या बाहेरच. बंदूक कुलपात रिकामी, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ली फक्त परवानाधारकाकडे. उशीखाली, गादीखाली, कपाटावर हे घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असलेले पत्ते आहेत. 'कुलपात ठेवली तर वेळेवर निघणार नाही' हा आक्षेप खरा आहे. पण ज्या घरात ती कुलपाबाहेर ठेवल्याशिवाय चालत नाही, इतका धोका असलेल्या घराला बंदुकीच्या आधी पोलीस बंदोबस्त हवा.

आजोबांच्या बंदुकीबद्दलही सांगायला हवे, कारण गावोगावी ती भिंतीवर आहे. परवानाधारक वारला की त्याचा परवाना संपतो. वारसाला ती आपोआप मिळत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाने परवाना मागावा लागतो. तेरावे झाले, वर्षश्राद्ध झाले आणि बंदूक तशीच राहिली, तर चांगल्या घरातला माणूस नकळत गुन्हेगार होतो.

प्रवासात

परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते: जिल्हा, राज्य किंवा त्यापुढे. ते ओलांडले की तुमचे कायदेशीर हत्यार बेकायदा होते. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला तासा-दोन तासांत जाणाऱ्या माणसाने हे विशेष लक्षात ठेवावे. सार्वजनिक ठिकाणी छोटे हत्यार म्यानात, झाकलेले. लांब बंदूक पेटीत, रिकामी. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. वारीत, गणपतीच्या विसर्जनात, गावच्या पालखीत कमरेला रिव्हॉल्व्हर मिरवणारा परवान्याची अट मोडत असतो. निवडणुकीच्या काळात तर छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते.

विमानात हातातल्या सामानात शस्त्र किंवा काडतूस चालत नाही. आधी विमान कंपनीला कळवून, परवाना दाखवून, शस्त्र रिकामे करून आणि काडतुसे वेगळी बांधून ते तपासणीच्या सामानात द्यावे लागते. काडतुसांच्या संख्येवरही मर्यादा असते. इथे अनेकांचा घात होतो तो एका काडतुसाने. शिकारीच्या काळातली वडिलांची जुनी पिशवी, तिच्या अस्तरात अडकलेले एक काडतूस, विमानतळावरचे क्ष-किरण यंत्र आणि मग गुन्ह्याची नोंद. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल आणि १९९४ च्या संजय दत्त प्रकरणांत शस्त्राचा ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे असे स्पष्ट केले आहे आणि त्या आधारे उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत. पण तोवर विमान गेलेले असते, वकील करावा लागतो, कधी नोकरीवर गदा येते. बॅग बदलताना तिचा कप्पा न् कप्पा चाचपावा.

गाडीच्या प्रवासात सर्वांत वाईट जागा म्हणजे गाडीतलाच पुढचा कप्पा. ढाब्यावर गाडी उभी, काच फोडली आणि शस्त्र चोराच्या हाती. ते पुढे कोणत्या गुन्ह्यात निघेल, याची पहिली विचारणा तुमच्याकडे होते. दारू आणि हत्यार एका प्रवासात नकोत. मुक्कामाच्या जागी कुलपाची सोय नसेल, तर शस्त्र घरीच ठेवून निघावे. खरे तर बहुतेक प्रवासांत हत्याराने वाढते ती जोखीमच.

गोळी सुटल्यानंतर

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खाजगी बचावाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःचे आणि दुसऱ्याचेही शरीर, तसेच मालमत्ता वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत मागण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशी रास्त भीती असेल तर बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देतो. मालमत्तेसाठी ही मर्यादा फार अरुंद आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा जीवाची भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी वा घरात घुसखोरी. साध्या चोराला, तेही पळत असताना पाठीत गोळी घातली, तर कायद्याच्या नजरेत बचाव संपून खून सुरू होतो.

२०१० मध्ये दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची सूत्रे मांडली. जीवावर बेतलेल्या माणसाने प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलावा अशी अपेक्षा नाही, पण सूड घ्यायला हा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ. बचाव होता हे दाखवण्याचा भार मात्र बचाव सांगणाऱ्यावर आहे. चौकशी होते, शस्त्र जप्त होते, अटकही होऊ शकते. १९९३ च्या मुंबईतल्या दंगलीच्या काळात कुटुंबाच्या संरक्षणासाठी हत्यार घेतले, असे अभिनेते संजय दत्त यांनी सांगितले होते. ते हत्यार होते एके-५६, बिनपरवाना आणि प्रतिबंधित. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली आणि उरलेली शिक्षा त्यांनी येरवड्यात भोगली. भीती खरी असली तरी बेकायदा हत्याराला ती कारण होत नाही.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडतो. जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या उसात बिबट्यांची भीती खरी आहे. पण बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती कायदा माफ करतो. बांधावर दिसला म्हणून झाडलेली गोळी माफ करत नाही.

अभ्यास काय सांगतात

या प्रश्नावर सर्वांत जास्त संशोधन अमेरिकेत झाले आहे, कारण तिथे कितीतरी घरांत बंदूक आहे. १९९३ मध्ये डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की घरात बंदूक असण्याचा संबंध त्या घरात खून होण्याच्या सुमारे पावणेतीनपट धोक्याशी आहे. १९९५ मध्ये गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी उलट बाजू मांडली: अमेरिकी लोक वर्षाला सुमारे २५ लाख वेळा बंदुकीने स्वतःचा बचाव करतात. सरकारी गुन्हेबळी सर्वेक्षणातून निघणारा आकडा मात्र याच्या कितीतरी खाली, लाखाच्या आसपास राहतो. वाद अजून मिटलेला नाही.

त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी लोकांच्या नोंदींवर डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास अधिक भक्कम आहे. २०२० मध्ये त्यांना आढळले की हँडगन असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण ती नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट होते. २०२२ मध्ये त्यांनी बंदूकधारकासोबत राहणाऱ्यांचा अभ्यास केला. त्या माणसांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते, आणि घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सुमारे सातपट. मरणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या.

आपला देश वेगळा, कायदा वेगळा, म्हणून हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण माणसाचे मन वेगळे नाही. कर्जाने खचलेला शेतकरी, दारू प्यायल्यावर हात उगारणारा नवरा, परीक्षेत नापास झालेला मुलगा आपल्याही घरांत आहेत. ज्या रात्री चोर येतो अशी रात्र आयुष्यात एखादी असते किंवा नसतेच. ज्या रात्री घरातले कोणी खचलेले किंवा संतापलेले असते अशा रात्री अनेक असतात. बंदूक दोन्ही रात्री घरात असते.

बंदुकीआधीचे उपाय

चोराला उजेड, आवाज आणि उशीर या तीन गोष्टी नको असतात. मजबूत कडी-कोयंडा आणि जाळीचा दुसरा दरवाजा, अंगणात हालचालीने लागणारा दिवा, कॅमेरा, भुंकणारा कुत्रा आणि आतून कडी लावता येईल अशी एक पक्की खोली. त्या खोलीत फोन, आणि फोनवर ११२. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: संकटात सापडलेला माणूस एका क्रमांकावर बोलतो आणि त्याचा आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर पोचतो. दरोड्याच्या रात्री शंभर माणसे जागी होणे, यापेक्षा मोठे शस्त्र गावाकडे नाही. सराफासाठी ऐवज रोज घरी न नेणे, बँकेचा लॉकर, विमा, आणि वाट व वेळ बदलत राहणे हे रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक कामाचे आहे.

तिघांना दिलेले उत्तर

सराफ स्नेह्यांना मी सांगितले: तुमची गरज खरी आहे. अर्ज करा, पण आधी ऐवजाची व्यवस्था बदला. परवाना मिळाला तर नवे .३२ चे रिव्हॉल्व्हर घ्या, महिन्यातून एकदा क्लबात जाऊन सराव करा, आणि सराव जमेनासा झाला त्या दिवशी ते परत करा.

मळ्यातल्या काका-काकूंना सांगितले: आधी दिवे, दरवाजा, कुत्रा आणि गावच्या यंत्रणेत नाव. वर्षभराने तरीही धोका वाटला तर बारा बोअर, दोन कुलपांत. काकूंनीच निर्णय दिला. काकांचा राग त्यांना पन्नास वर्षे ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "नकोच ती घरात."

भाच्याला सांगितले: तुझ्या राज्यात २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येते, ते न्यू जर्सीत जाताना गुन्हा ठरू शकते. शेजाऱ्याकडे आहे हे कारण नाही. तुझ्या घरी चार वर्षांची मुलगी आहे. कुलपाची पेटी आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय विचारही करू नकोस. आणि ते घेतल्यावर पुन्हा एकदा विचार कर.

वाचकांनाही माझे तेच सांगणे आहे. बहुतेक मराठी घरांना बंदुकीची गरज नाही. ज्यांना खरोखर आहे त्यांनी ती कायद्याने घ्यावी, साधी घ्यावी, कुलपात ठेवावी आणि हातात घेताना दर वेळी, रिकामी आहे हे ठाऊक असतानाही, आधी तिचे पोट बघावे.